फुटबॉलमुळे युद्ध पेटलं नव्हतं

'मॅच हरले म्हणून युद्ध पुकारलं' अशी एल साल्वादोर आणि होंडुरास या मध्य अमेरिकेतल्या शेजारी देशांची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती साफ चुकीची आहे. २७ जून १९६९ला मेक्सिको सिटीत वर्ल्ड कप पात्रतेचा निर्णायक सामना जादा वेळेत ३-२ने जिंकला एल साल्वादोरने, पिपो रोद्रिगेसच्या गोलवर. आणि १४ जुलैला हल्ला केला तोही एल साल्वादोरनेच!

भांडण जमिनीचं होतं. होंडुरासमध्ये सुमारे ३ लाख साल्वादोरी राहत. १९६२च्या जमीन सुधारणा कायद्याचा आधार घेऊन त्यांतल्या शेतकऱ्यांना कसत्या जमिनीवरून हुसकावलं जात होतं. सामन्यांवेळच्या दंगलींनी आगीत तेल ओतलं, एवढंच. हजारो मृत्यूंचं खापर खेळाडूंवर फोडणं हा अन्याय आहे. लढाई १०० तासांत थांबली. शांतता करार व्हायला मात्र १९८० उजाडलं.