जीन बिघडवला, तरी उंदराला पार्किन्सन होईना

अर्धा मीटरभर उंचीची एक काठी उभी ठेवायची, तिच्या टोकावर उंदराला तोंड वर करून सोडायचं आणि स्टॉपवॉच चालू करायचं. ठणठणीत उंदीर काही सेकंदात गर्रकन वळतो आणि तुरुतुरु खाली येतो. मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, आटलेला मात्र वळतानाच अडकतो, कधी कधी तर सरळ घसरतच खाली. पार्किन्सनच्या म्हणजे आपल्या कंपवाताच्या लॅबमधली ही नेहमीची टेस्ट, कारण उंदराला काय विचारणार, शर्टाचं बटण लावताना बोटं चालतात का म्हणून!

आता मजा अशी की ज्या उंदरांत पार्किन्सनचा जीन मुद्दाम घातलाय त्यातले बरेच जण तरुणपणी ही टेस्ट आरामात पास होतात.

१९९७ मध्ये इटली आणि ग्रीसमधल्या काही कुटुंबांत या आजाराचा पहिला जीन सापडला. तो बनवतो अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन, १४० मण्यांची (म्हणजे अमिनो आम्लांची) माळ समजा, तिच्यातला ५३ वा मणी बदललेला, ॲलनिनच्या जागी थ्रिओनिन. बस, एवढ्यानं ऐन चाळिशी-पन्नाशीत आजार. मग उंदराची माळ बघितली तर त्याच्या ५३ व्या जागी मुळातच थ्रिओनिन! म्हणजे आपल्याकडे जो बिघाड तीच त्याची फॅक्टरी सेटिंग, आणि तो मजेत.

मग माणसाचाच बिघडलेला जीन उंदरात घालून बघितला, भरपूर प्रोटीन बनेल असा. यातल्या एका प्रसिद्ध जातीत उंदीर साधारण आठ महिन्यांपर्यंत ठीक असतात आणि त्यानंतर सोळा महिन्यांपर्यंत कधीतरी एकेक करून लुळे पडायला लागतात, मेंदूच्या देठात नि मणक्यातल्या मज्जारज्जूत त्या प्रोटीनच्या गुठळ्या दिसतात. पण डोपामिन बनवणाऱ्या ज्या पेशी पार्किन्सनमध्ये मरतात त्या बहुतेक शाबूत! आजार आला पण पत्ता चुकला.

दुसरीकडे पार्किन, पिंक-१ आणि डीजे-१ (हो, खरंच डीजे) हे तीन जीन आहेत, माणसात यातल्या एका जरी जीनच्या आईकडून नि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती बंद पडल्या तरी कमी वयात पार्किन्सन होतो. २००९ मध्ये तिन्ही एकदम काढून टाकलेल्या उंदरांचा रिपोर्ट आला, २४ महिन्यांचे म्हणजे उंदरांतले पार आजोबा, आणि त्या पेशी तरीही जागच्या जागी.

मला वाटतं इथेच खरी गोम आहे. पार्किन आणि पिंक-१ चं काम सफाईचं, पेशीतलं वीजघर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया खराब झालं की ते उचलून भंगारात टाकायचं. पण दोन-अडीच वर्षांच्या आयुष्यात उंदराकडे भंगार साचणार तरी किती? म्हणून २०१५ मध्ये काहींनी भंगारच वाढवलं. म्युटेटर नावाचे उंदीर असतात, त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए कॉपी होताना चुका तपासल्याच जात नाहीत त्यामुळे ते अकाली म्हातारे होतात, केस पांढरे, पाठीला पोक, सगळं लवकर. या उंदरांत पार्किन पण काढून टाकला आणि तेव्हा कुठे डोपामिनच्या पेशी मेल्या, हालचालही बिघडली, आणि लेवोडोपा दिल्यावर ती सुधारली पण. (लेवोडोपा म्हणजे पार्किन्सनचं नेहमीचं औषध, आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत असतं तेच.)

नुसता जीन पुरला नाही, म्हातारपण वरून ओतावं लागलं. आणि तरी कित्येक प्रयोग दोन-तीन महिन्यांच्या पोरसवदा उंदरांवरच उरकतात, कारण दोन वर्षं उंदीर सांभाळायचे म्हणजे खर्च, जागा आणि पीएचडीवाल्याचा जीव.

अजून एक गोष्ट उंदराकडे नाहीच. हा आजार मेंदूच्या ज्या भागात होतो त्याचं नाव सबस्टान्शिया नायग्रा, अर्थ काळा पदार्थ, कारण माणसात तिथे न्यूरोमेलॅनिन नावाचं गडद रंगद्रव्य लहानपणापासून वयाबरोबर साचत जातं. उंदराचा तो भाग काळा नसतोच, नाव फक्त आपल्यावरून. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी उंदराच्या मोठ्या भावाच्या म्हणजे रॅटच्या मेंदूत माणसाचं एक एन्झाइम घालून हे रंगद्रव्य तयार करवलं, ते साचत गेलं, नुसत्या डोळ्यांनी दिसेल इतकं, आणि एका मर्यादेपलीकडे गेल्यावर पेशी आजारी पडून मरायला लागल्या. मग पेशीतली सफाई वाढवून बघितली, तर रंग उतरला आणि पेशी वाचल्या.