बाष्पइंजिनांचे जतन : रंग व बाह्यरूपाविषयीचे मतभेद

सेवेतून काढल्यानंतर जतन केलेल्या अथवा पुन्हा चालू स्थितीत आणलेल्या वाफेच्या रेल्वे इंजिनाला त्याच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या काळाचे रूप द्यावे, याविषयी रेल्वेप्रेमी, संग्रहालये आणि इंजिनांचे मालक यांच्यात चालत आलेला वाद. त्यात रंग, रेघा, अक्षरे व क्रमांक यांबरोबरच धुराडे, घुमट, धूर वर लोटणाऱ्या बाजूच्या पट्ट्या, टेंडरचा (इंजिनामागील कोळसा-पाण्याच्या गाड्याचा) प्रकार आणि चालकाच्या खोलीची रचना यांचाही विचार होतो. जतनाची चळवळ ज्या देशांत मूळ धरून आहे तेथे सर्वत्र हा वाद आढळतो; तथापि त्याचा सर्वांत सविस्तर आणि काही वेळा कडवट इतिहास ब्रिटनमधील आहे. त्याचे कारण असे की, १९२३ पूर्वी तेथे शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेकींचे स्वतःचे रंग होते. १९२३ मध्ये त्यांतील बहुसंख्य कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत विलीनीकरण झाले आणि १९४८ मध्ये त्या चारही राष्ट्रीयीकृत ब्रिटिश रेल्वेत समाविष्ट झाल्या. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या एखाद्या इंजिनाने तीन मालक, तितकेच क्रमांक आणि पाच-सहा रंगसंगती पाहिलेल्या असणे ही नित्याची गोष्ट होती.

वादाचे मूळ इंजिनाच्या देखभालीच्या पद्धतीत आहे. मोठ्या दुरुस्तीच्या वेळी इंजिनाचा बॉयलर काढून त्याच वर्गातील दुसऱ्या इंजिनाचा तयार बॉयलर त्यावर बसवला जाई. टेंडरही असेच अदलाबदल होत. रंग एका वर्षी बदले, धुराडे दुसऱ्या वर्षी, क्रमांक तिसऱ्याच वर्षी. परिणामी ‘मूळ रूप’ अशी एकच अवस्था बहुतेक इंजिनांना नसते, आणि एका काळाचा रंग दुसऱ्या काळाच्या बांधणीवर चढवला की कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन उभे राहते. बारकाव्यांवर बोट ठेवणाऱ्यांना ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणून चिडवले जाते खरे. परंतु त्यांचा मुख्य आक्षेप आवडीनिवडीचा नसून कालगणनेचा असतो, आणि तो सहसा योग्य असतो.

स्ट्राउडलीचा पिवळा रंग : या विषयातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण लंडन, ब्राइटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे आहे. विल्यम स्ट्राउडली हे १८७० मध्ये या कंपनीचे इंजिन-अधीक्षक झाले आणि त्यांनी प्रवासी इंजिनांसाठी सोनेरी गेरूच्या छटेचा पिवळा रंग रूढ केला. कंपनीच्या कागदोपत्री त्याचे नाव मात्र ‘सुधारित इंजिन-हिरवा’ असे राहिले. या विसंगतीची निदान तीन स्पष्टीकरणे दिली जातात. स्ट्राउडली हे रंगांध होते आणि तो रंग त्यांना हिरवाच दिसत असावा, हे पहिले व सर्वाधिक लोकप्रिय स्पष्टीकरण. दुसरे असे की, संचालक मंडळाने हिरव्या रंगाला दिलेली मान्यता नव्याने मागण्याची वेळ येऊ नये, म्हणून आधीच्या हिरव्याची ही केवळ ‘सुधारणा’ असल्याचे नावातून भासवले गेले. तिसऱ्या मतानुसार रंग मुळात हिरवट झाक असलेला होता आणि व्हार्निशच्या थरांमुळे तो पिवळा भासू लागला.

यांपैकी रंगांधतेचे स्पष्टीकरण जपून घेतले पाहिजे. स्ट्राउडली यांनी ब्राइटनला येण्यापूर्वी, म्हणजे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, स्कॉटलंडमधील हायलँड रेल्वेच्या इन्व्हर्नेस येथील कारखान्यातही हाच पिवळा रंग वापरला होता. दोन वेगवेगळ्या कारखान्यांतील रंगाऱ्यांनी आणि दोन संचालक मंडळांनी एका माणसाच्या दृष्टिदोषावर वर्षानुवर्षे मौन पाळले असे मानणे कठीण आहे. शिवाय त्यांच्याच काळात ब्राइटनची मालगाडीची इंजिने गडद जैतुनी हिरव्या रंगात होती. दोन्ही रंगांत त्यांना भेद करता येत होता, हे यावरून उघड होते. व्हार्निशचे मत रसायनाच्या दृष्टीने अशक्य नाही. मात्र ताज्या रंगवलेल्या इंजिनांचे वर्णनही पिवळे असेच आढळते, ही त्यातील अडचण आहे. नावाची सोय म्हणून केलेली युक्ती, हे दुसरे मत त्या मानाने अधिक संभाव्य वाटते.

हा प्रश्न जतनाच्या क्षेत्रात महत्त्वाचा ठरतो, कारण रेल्वेप्रेमींच्या संस्थेने स्वतःच्या पैशातून वाचवलेले पहिले इंजिन याच कंपनीचे होते. १८८२ मध्ये बांधलेले ‘ग्लॅडस्टन’ हे २१४ क्रमांकाचे इंजिन स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटीने १९२७ मध्ये विकत घेतले आणि ते स्ट्राउडली यांच्या पिवळ्या रंगात रंगवले गेले. सध्या ते यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. १९०५ च्या सुमारास कंपनीचे तेव्हाचे इंजिन-अधीक्षक डी. ई. मार्श यांनी प्रवासी इंजिनांना गडद तपकिरी रंग देण्यास प्रारंभ केला होता. म्हणजे १९२७ साली पिवळा रंग जाऊन वीसच वर्षे झाली होती आणि तो डोळ्यांनी पाहिलेली माणसे मुबलक होती. त्यामुळे ‘ग्लॅडस्टन’ची छटा पुढील जतनकर्त्यांसाठी जवळजवळ प्रमाण ठरली, आणि तिच्यातील संभाव्य चुकाही तिच्याबरोबर पुढे गेल्या. ब्लूबेल रेल्वे या इंग्लंडमधील जतन केलेल्या मार्गावर १९६० मध्ये आलेल्या ‘स्टेप्नी’ या छोट्या टाकी-इंजिनालाही हा रंग मिळाला. पण त्याची धूरपेटी (धुराड्याखालचा पुढचा भाग) नंतरच्या पुनर्बांधणीत लांबवलेली होती, आणि पिवळ्या रंगाच्या काळात ते तसे दिसत नव्हते.

हाच रंग स्कॉटलंडमध्ये अधिकच अडचणीचा ठरला. १९५९ च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने विशेष गाड्यांसाठी चार जुनी इंजिने पुन्हा चालू केली. त्यांतील हायलँड रेल्वेचे १०३ क्रमांकाचे मालगाडीचे इंजिन डेव्हिड जोन्स यांच्या आराखड्यानुसार १८९४ मध्ये तयार झालेले होते. त्याला स्ट्राउडली यांचा पिवळा रंग देण्यात आला. परंतु हायलँड रेल्वेने १८८० च्या दशकातच हिरवा रंग स्वीकारला होता, असे सामान्यतः मानले जाते. त्याच चौकडीतील ‘गॉर्डन हायलँडर’ हे १९२० मध्ये बांधलेले इंजिन ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड रेल्वेच्या हिरव्या रंगात सजवले गेले. मात्र ते कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा ती कंपनी काळा रंग वापरत होती. प्रवाशांना दोन्ही इंजिने अतिशय आवडली, ही गोष्ट टीकाकारही नाकारत नाहीत.

पुराव्याचे स्वरूप : जुन्या रंगांविषयी निश्चित बोलणे अवघड का आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील बहुतांश छायाचित्रांच्या काचा केवळ निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, आणि पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचाही तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे त्यांवर तांबडा रंग काळा, तर निळा रंग फिकट उमटे. जुन्या काचांवर पिवळाही गडद दिसे. कारखान्यातील अधिकृत छायाचित्रासाठी तर नव्या इंजिनाला अनेकदा तात्पुरता करडा रंग व पांढऱ्या रेघा दिल्या जात. अशा छायाचित्रावरून रेघांची मांडणी कळते, रंग कळत नाही. उरलेला पुरावा म्हणजे कारखान्यांतील रंगवलेल्या नमुना-पट्ट्या, रंगमिश्रणाच्या नोंदी आणि जुन्या पत्र्यावरील थर खरवडून केलेली तपासणी. या तपासणीतही सावधगिरी लागते. कारण व्हार्निश काळाने पिवळे पडते, त्याखालचा निळा हिरवट दिसू लागतो आणि हिरवा तपकिरीकडे झुकतो. कॅलेडोनियन रेल्वेच्या निळ्या रंगाच्या गडद व फिकट अशा दोन छटांवरून होणारा वाद बव्हंशी यामुळेच सुटलेला नाही. मिडलंड रेल्वेचा किरमिजी रंग तर पारदर्शक रंगद्रव्याचे थर एकावर एक चढवून साधला जाई. आजच्या एकथरी रंगातून तो प्रकाशात तसाच खुलत नाही, ही तक्रार त्यामुळे केवळ गतकाळाच्या ओढीतून आलेली नाही.

फ्लाइंग स्कॉट्समन : सर्वसामान्य जनतेपर्यंत पोहोचलेला वाद या एकाच इंजिनाचा. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यानुसार डॉनकास्टर येथे १९२३ मध्ये ते १४७२ या क्रमांकाने तयार झाले. वेंबली येथील १९२४ च्या प्रदर्शनात ते ४४७२ या नव्या क्रमांकासह सफरचंदी हिरव्या रंगात मांडले गेले आणि ३० नोव्हेंबर १९३४ रोजी त्याने ताशी १०० मैलांचा विश्वसनीयरीत्या नोंदलेला वेग गाठला. लोकांच्या मनात ठसलेले रूप या काळातले आहे. युद्धकाळात ते काळे झाले. १९४६ मध्ये त्याचा क्रमांक आधी ५०२ आणि मग १०३ झाला. जानेवारी १९४७ मध्ये त्यावर अधिक दाबाचा बॉयलर बसवून त्याचे ए-३ या सुधारित वर्गात रूपांतर करण्यात आले आणि धूरपेटीच्या दोन्ही बाजूंना, अतितापकाच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) टोकांवर, चौकोनी झाकणे आली. पुढे ६०१०३ या क्रमांकाखाली ते काही काळ निळे व १९५२ पासून गडद ब्रन्सविक हिरवे होते. १९५९ च्या आरंभी दुहेरी धुराडे बसले आणि डिसेंबर १९६१ मध्ये जर्मन पद्धतीच्या, धूर वर लोटणाऱ्या पट्ट्या आल्या. जानेवारी १९६३ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले.

ॲलन पेग्लर यांनी ते ३,००० पौंडांना विकत घेऊन पट्ट्या काढल्या, एकेरी धुराडे परत बसवले आणि ४४७२ हा क्रमांक व सफरचंदी हिरवा रंग दिला. हे रूप देखणे असले तरी काटेकोरपणे पाहता ते कधीच नव्हते; कारण ए-३ बॉयलर आला तेव्हा ४४७२ हा क्रमांक जाऊन वर्ष लोटले होते, आणि डाव्या बाजूने चालवण्याची रचनाही १९५४ ची होती. १९९३ मध्ये दुहेरी धुराडे व पट्ट्या परत बसवून त्याला ब्रन्सविक हिरवा रंग देण्यात आला. १९९९ मध्ये पुन्हा सफरचंदी हिरवा आला, तोही दुहेरी धुराड्यासह, आणि कालांतराने पट्ट्यांसह. ही शेवटची जोडी कोणत्याही काळाची नव्हती. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ मध्ये ते २३ लाख पौंडांना घेतले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ६०१०३ या क्रमांकासह ब्रन्सविक हिरव्या रंगात रुळांवर आणले. त्याआधी, २०११ मध्ये, ते युद्धकालीन काळ्या रंगात दाखवण्यात आले होते. तेव्हा एका बाजूला १०३ व दुसऱ्या बाजूला ५०२ असे क्रमांक होते.

संग्रहालयाची भूमिका सुसंगत आहे : बांधणी ज्या काळाची, रंग त्या काळाचा. परंतु या निकषाने निवडलेले रूप चाळीस वर्षांच्या सेवेतील जेमतेम शेवटच्या तेरा महिन्यांचे आहे, आणि ज्या विक्रमासाठी इंजिन प्रसिद्ध आहे तो त्या रूपात झालेला नाही. दुहेरी धुराड्याने इंजिनाचा श्वास मोकळा होऊन कामगिरी सुधारते, म्हणून चालवणारे ते सोडू इच्छित नाहीत. त्यामुळे सफरचंदी हिरव्याचे समर्थक मागतात ते रूप प्रामाणिकपणे द्यायचे तर इंजिन कमी कार्यक्षम करावे लागेल. सर नायजेल ग्रेस्ली यांच्याच नावाचे ए-४ वर्गातील इंजिन याच पेचात आहे. त्याला दुहेरी धुराडे १९५७ मध्ये मिळाले. म्हणून त्याचा युद्धपूर्व गार्टर निळा आणि १९५० च्या आसपासचा ब्रिटिश रेल्वेचा निळा, हे जतनकाळातील दोन्ही रंग त्या धुराड्याशी जुळत नाहीत. ‘मॅलार्ड’चे तसे नाही. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या या इंजिनाला दुहेरी धुराडे जन्मापासून होते. युद्धकाळात काढलेली चाकांवरील झाकणे परत बसवून गार्टर निळा रंग देताच ते विक्रमाच्या दिवसाच्या बरेच जवळ पोहोचले.

भौतिक बदलाचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’. १९३८ मध्ये बांधलेल्या या इंजिनाचे प्रवाहरेषी आवरण १९४७ मध्ये काढण्यात आले होते. २००९ मध्ये ते नव्याने घडवून बसवण्यात आले. एका बाजूला तीसच्या दशकातील रचनेचा एक दुर्मिळ नमुना पुन्हा पाहावयास मिळाला. दुसऱ्या बाजूला इंजिनाने सेवेत बहुतांश काळ मिरवलेले रूप नव्या पत्र्याखाली गेले. आवरण पुन्हा काढता येते, हा त्यातील बचावाचा मुद्दा ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनंतर वास्तुजतनात रुळलेल्या विचारसरणीशी जुळणारा आहे.

नव्याने बांधलेल्या इंजिनांना हा निकष लावताच येत नाही. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘टोर्नेडो’ने सफरचंदी हिरवा, ब्रन्सविक हिरवा व निळा हे तिन्ही रंग घेतले आहेत, त्याच्या वर्गातील जुन्या भावंडांनी ते वापरले होते, एवढाच त्यांचा आधार. एका इंजिनाने दुसऱ्याचे नाव व क्रमांक धारण करण्याची प्रथाही आहे. ‘ब्रॉन्टन’ हे ३४०४६ क्रमांकाचे इंजिन काही वर्षे ३४०५२ ‘लॉर्ड डाउडिंग’ म्हणून धावले. छायाचित्रकारांना विशेष गाड्यांसाठी ही विविधता हवी असते. इतिहासकार तिच्याकडे नाराजीने पाहतात.

भारतातील स्थिती : भारतात या विषयावरील लेखन तुरळक आहे. बाष्पयुगाच्या अखेरच्या दशकांत बहुतेक इंजिने काळ्या रंगात होती आणि डब्ल्यूपी या प्रवासी इंजिनांच्या वर्गाच्या निमुळत्या तोंडावरील तारा व इतर सजावट शेडनुसार बदलत असे; त्यामुळे कंपनीच्या नियमावर बोट ठेवून वाद घालण्यास जागा कमी उरते. लीड्स येथे १८५५ मध्ये बांधलेली ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा धावू लागली. तिच्याच काळातील ‘एक्सप्रेस’ हे २१ क्रमांकाचे इंजिन पेरांबूरच्या कारखान्यात २०१० च्या सुमारास चालू करताना अनेक भाग नव्याने घडवावे लागले, म्हणून तेथे प्रश्न रंगाच्या आधी सामग्रीच्या अस्सलतेचा येतो. महाराष्ट्रात नेरळ–माथेरान मार्गासाठी १९०७ मध्ये ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीकडून सहा चाकांची चार इंजिने आणली गेली. वळणांसाठी त्यांचे टोकाचे आस लवचिक ठेवलेले होते. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन आता इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथे आहे. नंतर माथेरानसाठी आणलेले बाष्पइंजिन दार्जिलिंगच्या बी वर्गातील, चार चाकांचे व खोगिरासारख्या टाकीचे आहे; बांधणीतच इतका फरक असल्याने कोणत्याही रंगाने ते या मार्गाच्या मूळ इंजिनांसारखे दिसू शकत नाही.