परफ्यूमचा बारकोड ३ ने सुरू होतो म्हणून तो अस्सल?

‘बारकोड ३०० ते ३७९ ने सुरू झाला की परफ्यूम फ्रान्समध्ये बनलेला, म्हणजे ओरिजिनल’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. या आकड्यांवरून एवढंच कळतं, की तो नंबर ‘जीएस१’ या बारकोडचे नंबर देणाऱ्या जागतिक संघटनेच्या फ्रान्समधल्या संस्थेनं दिलाय. माल कुठे बनला, हे त्यातून कळत नाही. शिवाय ज्याला अख्खा खोका हुबेहूब छापता येतो, त्याला चार रेघा जड जाणार आहेत होय!

त्यापेक्षा बाटली उलटी करा. बुडाशी असलेला बारीक बॅच कोड (माल कोणत्या खेपेत बनला, त्याचा नंबर) खोक्यावरच्या कोडशी जुळत नसेल, तर सरळ परत करा. जुळला तरी हुरळून जाऊ नका, त्याचीही नक्कल करता येते. दहा हजारांची सीलबंद बाटली कुणी आठशेला देत असेल, तर कोड तपासत बसूच नका.