केंद्रकाच्या हाती कारभार आहे, हे ठरले कसे?

पेशीचा कारभार केंद्रक चालवते, हे आज शाळेच्या पुस्तकातले वाक्य आहे. ते सिद्ध व्हायला मात्र शंभर वर्षे लागली. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका पुन्हापुन्हा दिसतो हे नोंदवले आणि त्याला ‘न्यूक्लियस’, म्हणजे केंद्रक, म्हटले. तो करतो काय, हा प्रश्न तसाच राहिला. १८३८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेनने त्यातूनच नवी पेशी तयार होते असे ठोकून दिले. ते चूक निघाले.

१८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला स्विस शास्त्रज्ञ फ्रीड्रिश मीशरने रुग्णालयातल्या पूने भरलेल्या पट्ट्या धुऊन पांढऱ्या पेशी गोळा केल्या. त्यांच्या केंद्रकांतून फॉस्फरसयुक्त पदार्थ मिळाला. आजच्या भाषेत तो डीएनए. पण किळसवाण्या पट्ट्यांतून काय हाती लागले आहे, याचा अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता.

खरा निकाल दिला तो एका शैवालाने. अ‍ॅसिटाब्युलारिया काही सेंटिमीटर उंच वाढते, तरी सबंध एकच पेशी असते: वर टोपी, मध्ये देठ, तळाशी मुळासारखा भाग, आणि केंद्रक त्या तळात. जर्मन शास्त्रज्ञ योआखिम हेमरलिंगने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेगवेगळ्या टोप्यांच्या दोन जाती घेतल्या आणि एकीचा देठ दुसरीच्या तळावर कलम केला. पहिली टोपी कधीकधी मिश्र घाटाची यायची. ती छाटली, की पुढची येई ती तळाच्या जातीची, म्हणजे केंद्रक जिचे तिची.

गंमत अशी, की केंद्रक नसलेला नुसता देठही एकदा टोपी धरू शकत होता; ती कापली तर बहुधा पुन्हा नाही. म्हणजे केंद्रकाने सूचना आधीच वर धाडून ठेवल्या होत्या. आकार ठरवणारे पदार्थ केंद्रकातून निघून देठात साठतात, असा हेमरलिंगचा तर्क होता. तो बरोबर ठरला: हा निरोप संदेशवाहक आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली सूचनांची प्रत, नेतो, हे १९६१ नंतर स्पष्ट होत गेले.

पण हुकूम एकाच बाजूने सुटतो असे समजायचे कारण नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डनने बेडकाच्या अंड्यातले केंद्रक अतिनील किरणांनी निकामी केले, त्यात बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक घातले, आणि १९६२ मध्ये अशा काही अंड्यांतून बेडूकमासे झाल्याचे दाखवले. आतड्याचे काम करणारे केंद्रक अंड्यातल्या पेशीद्रव्यात, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या भागात, जाताच पुन्हा पहिल्यापासून कामाला लागले होते. या कामासाठी गर्डनला २०१२ मध्ये नोबेल मिळाले.