दोन्ही चलने घसरली, दर मात्र फिरून तिथेच

नायजेरियाचा नायरा आणि घानाचा सेडी यांच्या विनिमय दराचा आलेख परवा एका मित्राने दाखवला. २००७ च्या मध्यापर्यंत एका नायऱ्याला सुमारे ७३ सेडी पडत होते. जुलैत एकदम ०.००७३. रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आलेली. त्याने विचारले, "त्या महिन्यात नायजेरियात एवढे काय घडले?"

काहीच घडले नव्हते. घानाने आपल्या चलनातली चार शून्ये काढली होती. १०,००० जुने सेडी म्हणजे १ नवा सेडी. घानाच्या मध्यवर्ती बँकेने लोकांना बजावलेही होते, की किंमत तीच आहे. वीस हजारांची जुनी नोट देऊन दोन नवे सेडी घेणारा माणूस ना गरीब झाला, ना श्रीमंत. तरीही, डॉलरला नोटा जितक्या कमी पडतात तितका देश बलवान, हा समज आजही ठाण मांडून आहे. शून्ये कमी केल्याने अर्थव्यवस्था सुधारत असती, तर सगळ्या देशांनी ती केव्हाच पुसली असती. आकडा किती मोठा आहे यावरून काही कळत नाही, तो कसा बदलत गेला यावरून कळते.

आणि या दोन चलनांची तुलना मुळात फार सुंदर आहे, कारण त्यांचे मूळ एकच. ब्रिटिश अमलात १९१२ साली स्थापन झालेले पश्चिम आफ्रिकी चलन मंडळ गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि नायजेरिया या दोन्ही वसाहतींना एकच नाणे पुरवायचे. तेव्हा विनिमय दर हा प्रश्नच नव्हता. पुढे घानाने १९६५ मध्ये सेडी आणला आणि १९६७ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली. नायजेरियाने १९७३ मध्ये नायरा आणला. १९६७ चा सेडी आणि १९७३ चा नायरा, दोन्ही आपापल्या देशातल्या जुन्या १० शिलिंगांच्या जागी आले. 'सेडी' हा शब्द तर अकान भाषेतल्या कवडीवरून आलेला आहे. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतके चलन म्हणून फिरल्या. आपण ज्याला 'कवडीमोल' म्हणतो, त्या कवडीवर तिथे बाजार चालत होते.

आता मुख्य गोष्ट. नायरा आणि सेडी यांचा थेट मोठा बाजार नाही. दोघांचाही भाव डॉलरमध्ये ठरतो आणि आपण भागाकार करतो. याला क्रॉस रेट म्हणतात. २००७ च्या मध्यात डॉलरला सुमारे १२७ नायरा होते आणि ०.९३ नवे सेडी. १२७ ला ०.९३ ने भागले की एका सेडीला सुमारे १३६ नायरा. मे २०२५ च्या अखेरीस डॉलरला साधारण १,५९० नायरा आणि १०.३ सेडी. भागाकार केला की १५४. अठरा वर्षांत १३६ चे १५४! वाटावे, किती स्थिर जोडी. प्रत्यक्षात डॉलरचा भाव नायऱ्यात साडेबारा पट झाला होता आणि सेडीत अकरा पट. अंश आणि छेद दोन्ही फुगले, म्हणून मधे हलूनही दोन्ही टोकांना गुणोत्तर जवळपास तेच निघाले. विकसनशील देशांच्या चलनांचा एकमेकांशी असलेला दर पाहताना ही पडझड दिसतच नाही.

ती दिसावी म्हणून लॉग घ्यायचा, म्हणजे ती संख्या १० चा कितवा घात आहे ते पाहायचे. शाळेत लॉगची कोष्टके पाहिलेल्यांना आठवेल, की लॉग घेतला की भागाकाराची वजाबाकी होते. डॉलर-नायरा आणि डॉलर-सेडी अशा दोन रेघा लॉग पट्टीवर, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांचे लॉग मांडून, काढा. क्रॉस रेट म्हणजे त्या दोन रेघांमधले उभे अंतर, बस्स. दोन्ही रेघा सोबतीने वर चढल्या तर अंतर बदलत नाही, पण चढ मात्र डोळ्यांसमोर असतो. शून्ये काढण्याचा कडाही इथे सहज दुरुस्त होतो. जुन्या सेडीची सगळी रेघ ४ घरे खाली सरकवायची, कारण १०,००० चा लॉग ४ आहे.

लॉगचा आणखी एक उपकार सरासरीत. समजा, एका वर्षी सेडीला ५० नायरा आणि दुसऱ्या वर्षी २००. सरासरी १२५. आता हेच उलटे मांडा: एका नायऱ्याला ०.०२ सेडी आणि ०.००५ सेडी. सरासरी ०.०१२५, म्हणजे सेडीला ८० नायरा. माहिती तीच, उत्तरे दोन! लॉगची सरासरी काढून परत फिरा, म्हणजेच भूमितीय मध्य घ्या: ५० गुणिले २०० चे वर्गमूळ, १००. उलट्या बाजूने ०.०१. दोन्हीकडून एकच उत्तर. 'सरासरी वार्षिक दर' असे लेबल दिसले की मी आधी विचारतो, कुठल्या बाजूने काढलेला?

गणित शुद्ध असले तरी आकडा खरा हवा. १९७८ नंतर घानात डॉलरचा सरकारी भाव २.७५ सेडीवर खिळवून ठेवला होता. १९८३ मध्ये अवमूल्यन सुरू होईपर्यंत काळ्या बाजारातला भाव त्याच्या कितीतरी पट झाला होता. त्या वर्षांतला सरकारी क्रॉस रेट कागदावरच खरा. जून २०२३ च्या सुरुवातीला नायजेरियाचेही तेच होते: सरकारी दर डॉलरला ४६५ नायऱ्याच्या आसपास, रस्त्यावर सुमारे ७५०. सेडी तेव्हा साधारण ११. एका भागाकाराने सेडीला ४२ नायरा, दुसऱ्याने ६८. त्याच महिन्यात नायजेरियाने सरकारी दर बाजारावर सोडला आणि आलेखात उंच उडी दिसली. व्यापारी तोवर वरच्या दरानेच हिशेब करत होता.

लागोसहून अक्राला निघालेला ट्रक सेमेच्या नाक्यावरून बेनिनमध्ये शिरतो, तिथले कोटोनू आणि टोगोतले लोमे मागे टाकून अफ्लाओला घानात उतरतो. मधल्या दोन्ही देशांत सीएफए फ्रँक चालतो, युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला. त्या वाटेवर नायऱ्याचे आधी फ्रँक आणि मग सेडी करणाऱ्याचा भागाकार डॉलरमधून नव्हे, युरोतून गेलेला असतो.