काचबिंदूचे थेंब महिन्याआधीच का संपतात?

"बाटली अर्धीच भरलेली होती का हो?" आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न नेहमीचाच. बाटली भरलेलीच असते. लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्या औषधाच्या 2.5 मिलीच्या बाटलीतून साधारण 75 ते 80 थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक धरला तर महिन्याला लागतात 60. नेम चुकलेल्या थेंबांचीही त्यात सोय आहे.

घोटाळा होतो तो टाकताना. थेंब पडला की नाही अशी शंका येते म्हणून दुसरा, मग खात्रीसाठी तिसरा. डोळ्यात एक अख्खा थेंबही मावत नाही. उरलेला गालावर ओघळतो, नाहीतर नाकावाटे घशात उतरतो. तोंड कडू होतं ते यामुळेच. टिमोलॉल हे काचबिंदूचं दुसरं औषध असं रक्तात गेलं तर दम लागू शकतो, नाडी मंदावू शकते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच ओढा, तिथे एकच थेंब सोडा. टोक पापणीला टेकवू नका. डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. दुसरे थेंब असतील तर निदान पाच मिनिटं थांबा, नाहीतर पहिलं औषध धुऊन जातं. लॅटानोप्रोस्टची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर थेंब पडताना गार लागतो आणि शंका उरत नाही. हात थरथरत असेल तर बाटलीला लावायचं साधन आमच्याकडे मिळतं. घेण्याआधी इथेच बसवून बघा.

बाटली लवकर संपली की मध्ये चार-पाच दिवस खंड पडतो. डोळा दुखत नाही, दिसतंही नीट, म्हणून कोणाला काही वाटत नाही. डोळ्यातला दाब मात्र गुपचूप वाढू शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

"ती हिरव्या टोपणाची द्या" एवढ्यावर आम्ही औषध देत नाही, यावरून काही जण चिडतात. चिडा, पण चिठ्ठी आणा. टिमोलॉल एकटंही मिळतं आणि डॉर्झोलामाइड किंवा ब्रिमोनिडिन या काचबिंदूच्याच औषधांबरोबर एकत्रही. नुसत्या टोपणावरून घेतलं तर तेच औषध दोन बाटल्यांतून दुप्पट जाऊ शकतं. चिठ्ठी हरवली असेल तर जुनी बाटली लेबलसकट आणा, म्हणजे डॉक्टरांना विचारून घेता येईल.

लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. घरी नेलेली बाटली आम्ही परत घेत नाही, कारण वाटेत ती किती तापली हे कळायला मार्ग नसतो. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. किती दिवस चालेल ते खोक्यावर असतं. बऱ्याच थेंबांना चार आठवडे. नंबर देऊन ठेवलात तर बाटली संपायच्या आठवडाभर आधी आम्ही फोन करतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.