एकभाषिकता
एकच भाषा येणं आणि सगळा व्यवहार तिच्यातच करणं म्हणजे एकभाषिकता. गोची आहे ती 'येणं' या शब्दात. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्डने १९३३ मध्ये द्विभाषिक माणसाकडून दोन्ही भाषांवर मातृभाषेसारखी पकड मागितली, हा निकष धरला तर बाजारात, कामावर दुसरी भाषा सर्रास बोलणारे असंख्य लोकही एकभाषिकच ठरतात. उलट दुसरा भाषाशास्त्रज्ञ आयनार हाउगेनने १९५३ मध्ये म्हटलं की दुसऱ्या भाषेत अर्थ लागेल अशी पूर्ण वाक्यं बोलता आली की द्विभाषिकता सुरू झाली, मग एकभाषिकांची संख्या एकदम खाली येते. हाउगेनचं म्हणणं लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्याच्या जास्त जवळचं आहे. मारिओ वांद्रुश्का या भाषाशास्त्रज्ञाने तर पुढे असंही मांडलं की एकाच भाषेत माणूस घरी एक, कचेरीत दुसरं, बोलीत तिसरंच बोलतो, म्हणजे तोही आतून बहुभाषिकच.

'एक राष्ट्र, एक भाषा' ही समजूत मात्र बरीच अलीकडची. तिचं मूळ काहीजण कायदेशीर कागद फ्रेंचमध्ये करा असं सांगणाऱ्या फ्रान्सच्या १५३९ च्या राजाज्ञेत शोधतात, पण त्यातला 'मातृभाषा फ्रेंच' हा शब्दप्रयोग फक्त लॅटिन हटवण्यासाठी होता की प्रादेशिक भाषाही, यावर वाद आहे. लॅटिनपुरता अर्थ घेणं जास्त सुरक्षित. १७९४ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, धर्मगुरू आबे ग्रेग्वारने देशातल्या भाषांवर अहवाल दिला तेव्हाही त्याच्या अंदाजाने फ्रेंच नीट बोलणारे ३० लाखांच्या वर नव्हते आणि निदान ६० लाखांना ती येतच नव्हती. म्हणजे तिथली एकभाषिकता शाळा आणि कायद्यांनी नंतर घडवलेली आहे.

कान मात्र फार लवकर एका भाषेचे होतात. मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगात बाळाला 'त, त, त' ऐकवत मध्येच 'ट' लावायचे (इंग्रजीत हा फरक नाही), फरक कळून बाळाने मान वळवली की खेळणं चालू व्हायचं. इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवायची, १० ते १२ महिन्यांची फार थोडी.

दोन भाषांनी मूल मागे पडतं हे सेअर या अभ्यासकाचं वेल्समधलं मत (१९२३) बरीच वर्षं चाललं, मग मानसशास्त्रज्ञ पील आणि लँबर्ट यांनी १९६२ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये घरची आर्थिक स्थिती सारखी असलेली मुलं घेतली तर द्विभाषिक मुलंच पुढे निघाली.